ड्रेस सर्कलमधली सुरमई

शालूमावशीकडे मासळी घ्यायला जाणार असाल तर एक गोष्ट आधी समजून घ्या. तिच्याकडे मासा वाट्यावर मिळत नाही, वजनावरही मिळत नाही. तो कुठे बसलाय त्यावर मिळतो.

पाटीत सगळ्यात वर, केळीच्या पानावर पाय पसरून पडलेली सुरमई ही, थेटरातल्या खुर्च्यांच्या भाषेत, ड्रेस सर्कलमधली. बाजूला बर्फात दोनच पापलेटं असतात, कुणाशी न बोलता बसलेली. ती बॉक्समध्ये. खाली दाटीवाटीनं बसलेला बांगडा म्हणजे स्टॉल्स. आणि पार कडेला, एकमेकांच्या अंगावर चढून धिंगाणा घालणारी मांदेली, ती गॅलरी.

परवा एका नव्यानं बदलून आलेल्या साहेबांच्या बाई आल्या. त्यांनी छत्रीच्या टोकानं सुरमई दाखवली आणि विचारलं, "ही कशी दिली?"

मावशीनं आधी बाईंकडे पाहिलं, मग छत्रीकडे.

"ती ड्रेस सर्कलची हाय, बाय. तुमी आपल्या स्टॉल्समधला बांगडा घ्या. थितून पण नाटक चांगलं दिसतं."

बाई त्या दिवशी अंडी घेऊन घरी गेल्या.

चहा आला की मावशी गिऱ्हाइकांकडे पाठ फिरवते आणि "इंटर्व्हल" म्हणते. पाटी संपली की "हाउस फुल". मांजर जवळ आलं तर कोयत्याची मूठ आपटून "लेटकमर्स नॉट अलाउड". ते मांजर आता वेळेवर येतं, हे मी स्वतः पाहिलंय. सुरमईच्या एकसारख्या तुकड्या पाडून झाल्या की ती कोयता आडवा ठेवते आणि मान वर करून थांबते. कशासाठी, ते बाजारात कुणालाच कळायचं नाही. एकदा एका प्लंबरनं चुकून टाळ्या वाजवल्या, त्याला मूठभर मांदेली फुकट मिळाली. तेव्हापासून मासळीबाजाराच्या त्या कोपऱ्यात सकाळी इतक्या टाळ्या पडतात की मिरकरवाड्याच्या जेटीवरच्या लोकांना वाटतं, कुठलातरी मंत्री आलाय.

या सगळ्याला जबाबदार मी. मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. मावशीची लेक सुषमा माझी विद्यार्थिनी. ती नर्स होऊन इंग्लंडला गेली, तिथेच केरळच्या एका भल्या मुलाशी लग्न केलं. घरात आईची भाषा एक, बापाची दुसरी, म्हणून दोघं इंग्रजीत बोलतात. त्यामुळे इरा, म्हणजे मावशीची नात, फक्त इंग्रजी बोलते.

व्हिडिओ कॉलवर इरा म्हणायची, "हाय आजी." मावशी म्हणायची, "हाय बाय." इथे संवाद संपायचा. मग दोघी एकमेकींकडे बघून हसत राहायच्या, फोन गरम होईपर्यंत.

एका दुपारी मावशी पाटी रिकामी करून थेट माझ्या पडवीत आली. "काय ओ मास्तर, सुषमा मला तिकडे बोलावते हाय. इराचं नाटक हाय, मोठ्या थेटरात. मला थितलं इंग्लिश शिकवा."

"सगळं इंग्रजी?"

"सगळं कशाला? मी काय थितं रावायला जातंय? थेटरातलं शिकवा. माझ्या नातीनं नाटक केल्यावर मी काय नुसती दात दाखवत बसू? एकदा तरी तिला कळंल असं बोलू दे मला."

माझ्याकडे इंग्रजी संभाषणाचं एक जुनं पुस्तक आहे. त्यात एक धडा नाटकाला जाण्याचा. तिकीट कसं मागावं, पडदा किती वाजता वर जातो ते कसं विचारावं, शेजारची खुर्ची रिकामी आहे का, नटांचं कौतुक कसं करावं, सगळं त्यात. मीही त्यातलं फॉयर, म्हणजे नाट्यगृहाचं बाहेरचं दालन, कधी पाहिलेलं नाही. पण हे मास्तरानं सांगायचं नसतं.

मावशीनं तो धडा असा गिळला की काटासुद्धा मागे ठेवला नाही. "आय वुड लाइक टू सीट्स इन द स्टॉल्स, प्लीज," ती कोळंबी सोलता सोलता म्हणायची. फी म्हणून कोळंबी आमच्या स्वयंपाकघरात जायची. माझी बायको, जिनं आयुष्यात माझ्या इंग्रजीचं कधी कौतुक केलं नाही, ती दारात उभी राहून विचारू लागली, "आज शिकवणी आहे ना?"

अडचण एकच होती. आवाज. मावशीनं बाजारात "ताजं हाय" म्हटलं की पावसच्या माडांवरचे कावळे उडतात. सुषमानं फोनवर बजावलं होतं, "आई, तिथे हळू बोलायचं हं. कुजबुजल्यासारखं." आता जिनं जन्मभर समुद्राच्या वाऱ्यावर आवाज काढला तिला कुजबुज कोण शिकवणार? पहिल्या दिवशी ती माझ्या कानाशी कुजबुजली, तेव्हा शेजारचे जोशी "काय झालं?" करत धावत आले.

म्हटलं, रंगीत तालीम करू. गावातल्या नाट्यगृहात मुंबईचं नाटक लागलं होतं. मी दोन तिकिटं काढली आणि एक मावशीच्या हातात दिलं. प्रयोग संध्याकाळी. दुपारी जेवून आडवा होतो तोच नाट्यगृहाच्या वॉचमनचा फोन. "सर, तुमचं नाव सांगतायत. जरा येता का?"

जाऊन पाहतो तर पहिल्या रांगेच्या पुढे, रंगमंचाच्या अगदी पायाशी, चटई अंथरलेली. चटईच्या चारी कोपऱ्यांवर चार दगड. मधोमध मावशी, उकडलेल्या शेंगांच्या पिशवीसकट.

यात तिचं काही चुकलं नव्हतं. त्यांच्या वाडीत उत्सवाचं नाटक असलं की बायका दुपारीच देवळासमोर जाऊन चटई टाकतात, वर दगड ठेवतात आणि घरी जाऊन भाकऱ्या भाजतात. त्या दगडाला कुणी हात लावत नाही. सख्ख्या भावांनी बांध सरकवले असतील, पण चटईवरचा दगड कुणी सरकवलेला नाही.

"मावशी, तुमाला खुर्ची हाय," वॉचमन सांगत होता. "नंबर हाय तिकिटावर."

"खुर्ची कुणाची पण असंल. चटई माझी हाय."

मी तिला बाजूला घेऊन नंबराचं समजावलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

"म्हंजे मी आता येवो नायतर मागून येवो, जागा तीच?"

"तीच."

"आणि ती कुणी घेणार नाय?"

"नाही."

"मंग जो आधी येतो त्याला काय मिळतं?"

मी तीस वर्षं शिकवलंय, तरी तिला तिकिटावरचा नंबरच पुन्हा वाचून दाखवला. मावशीनं चटई गुंडाळली. दगड पिशवीत भरले. इंग्रजी रीतीवरचा तिचा विश्वास त्या दुपारी जरा खचला, असं मला वाटलं.

नाटक मात्र तिनं खुर्चीवर मांडी घालून, तोंडावर पदर धरून पाहिलं. सगळ्या रांगेला शेंगा वाटल्या. नायिकेची सासू बोलायला लागली तेव्हा मावशीची छाती फुगली, मला वाटलं आता छप्पर जातं, पण तिनं पदर तोंडात कोंबला. बाहेर आल्यावर ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "द कास्ट वॉज सुपर्ब." इतक्या हळू, की मला पुन्हा विचारावं लागलं. मी तिला तिथल्या तिथे पास केलं.

मग मावशी इंग्लंडला गेली. आमच्या घरी कोळंबी बंद झाली आणि बायकोनं पुन्हा माझ्या इंग्रजीबद्दल बोलणं सोडलं.

ती परत आल्याचं मला बाजारात कळलं. नेहमीच्या जागी बसली होती. मी हौसेनं विचारलं, "काय मावशी, ड्रेस सर्कलमध्ये आज कोण?"

"सुरमई हाय," त्या दिवशी ती एवढंच म्हणाली. "घ्यायची तर घ्या."

दुपारी पडवीत आली तेव्हा मी तिला बसूही दिलं नाही. "नाटक कसं झालं ते सांग."

नाटक झकास झालं होतं. इरा त्यात वादळ झाली होती. राखाडी कापड पांघरून धावत यायची आणि सगळ्यांना पाडायची. "असलं वादळ आमच्याकडं आलं, तर बोटी बंदरात आणायच्या सोडून लोक मुद्दाम बाहेर नेतील," मावशी म्हणाली. फॉयरमध्ये तिनं एका उंच गोऱ्या म्हाताऱ्याला पडदा किती वाजता वर जातो ते विचारलं होतं. त्यानं बरंच काही सांगितलं. ते धड्यात नव्हतं, म्हणून तिनं थँक्यू म्हटलं. नाटक संपल्यावर इरा धावत आली. मावशी तिला म्हणाली, "द परफॉर्मन्स वॉज सुपर्ब. आय एन्जॉइड इट व्हेरी मच." पोरीचे डोळे एवढे झाले. ती आजीला हाताला धरून सगळ्या मैत्रिणींकडे घेऊन गेली. सुषमा रडली.

"मग? जिंकलीस की."

"जिंकले. रातीपुरती," मावशी म्हणाली.

ती पडवीच्या पायरीवर बसली. पाटी बाजूला ठेवली.

"मास्तर, त्या पुस्तकात आणखी धडे हायत ना?"

"आहेत की. रेल्वे स्टेशनचा आहे, पोस्टाचा आहे, डॉक्टरकडे जाण्याचा आहे."

"वेणी घालायचा हाय काय?"

मी पुस्तक न उघडताच सांगितलं, तसा धडा नाही.

"दुसऱ्या दिवशी सकाळी सुषमा कामावर गेली, जावई पण गेला. पोरगी माझ्यासमोर येऊन बसली. नाटकासाठी तिच्या केसांना कायतरी चिकट लावलं होतं, सगळी जट झालेली. मी फणी घेतली. ती बोलायला लागली. बोलतेय, बोलतेय. मला कळंना, ही गंमत सांगतेय, का माझी फणी लागतेय. थांबू, का विंचरू? मला नाटकातलं येत होतं सगळं. पण नाटक तर आदल्या रातीला संपलं. मी आपली हसत राहिले. ती मागे वळून बघायची, मंग ती पण हसायची. जायच्या दिवसापर्यंत तसंच चाललं."

आत भांड्यांचा आवाज होत होता, तो थांबला.

"'दुकता काय' असं कसं विचारायचं?" तिनं विचारलं.

"डज इट हर्ट?"

"डज इट हर्ट," मावशी म्हणाली. मग पुन्हा एकदा, आणखी हळू. तिचे हात मांडीवर होते. बोटं आपोआप हलत होती, एक पेड दुसऱ्यावर, तिसरा मधून.

"आणि ती येस म्हणाली तर?"

"तर हात जरा सैल सोडायचा."

"ते मला येतं," मावशी म्हणाली.