बुर्रा मास्तरांचा ब्रेक

श्रावणी मोबाइल बघायला बसली की तिचे वडील, म्हणजे आमच्या समोरच्या फ्लॅटमधले बुर्रा मास्तर, तिच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसतात आणि उजवा पाय फरशीवर दाबून धरतात. पोरगी भराभर व्हिडिओ सरकवायला लागली की पाय आणखी जोरात. एकदा तर चपलेचा अंगठाच तुटला.

परक्या माणसाला हे वेड वाटेल. पण मास्तर सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात मोटार चालवायला शिकवतात. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा ब्रेक असतो, आणि तो पाय घरी आला तरी ड्युटीवरच असतो.

"वहिनी," ते मला ऐकवतात, "फोन हिसकावून घेणारा बाप येडा. स्टेअरिंग पोराच्या हातातच पायजे. ब्रेक तेवढा आपल्याकडं."

श्रावणीला नववीत फोन घेतला, तेव्हा त्यांनी त्याला हार घातला, लिंबू ओवाळलं आणि पाठीवर लाल 'एल' चिकटवला. वर्गातल्या मुली तिला 'लर्निंग' म्हणायला लागल्या. मग तिनं आठवडाभर बापाशी अबोला धरला, तेव्हा कुठं तो 'एल' निघाला.

पुढं त्यांनी पोरीची परीक्षा घ्यायचं ठरवलं. 'प्रिन्स राहुल' नावाचं खातं काढलं, सूर्यफुलाचा फोटो लावला आणि तिला मेसेज टाकला, 'हॅलो डिअर, कुठून निघाल्या, कुठं चालल्या, सावकाश जावा.'

उत्तर आलं, 'पप्पा, भाकरी गार व्हायलीय.' आणि तिनं प्रिन्स राहुलला ब्लॉक केलं. मास्तरांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. "पोरगी पास झाली! सख्ख्या बापाला ब्लॉक केलं की ओ!"

हे सगळं हसण्यावारी चाललेलं. मग एका दुपारी श्रावणी माझ्या दारात आली. चेहरा पांढराफटक.

एका गेममध्ये तिची 'पूजा'शी ओळख झाली होती. बार्शीची म्हणाली, नववीतच आहे म्हणाली. खूप दिवस गप्पा झाल्या. श्रावणीनं आपले दोन साधे फोटो पाठवले. आता कळलं की ती पूजा नव्हतीच. कुणीतरी बाप्या होता. सांगतो तसले फोटो दे, नाहीतर आहेत तेच भलतेसलते करून तुझ्या वर्गात सगळ्यांना पाठवतो, अशी धमकी त्यानं दिली होती.

"काकू, पप्पांना नका सांगू. लई चिडतील."

"त्यांनाच सांगायचं," मी म्हटलं. "चल, मी येते."

मास्तर नुकतेच शिकवणी आटपून बशीत चहा ओतत होते. श्रावणीनं खाली मान घालून सगळं सांगितलं. आता छप्पर उडणार म्हणून मी दार लोटून घेतलं.

मास्तरांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "बंगारू..." त्यांच्या घरच्या तेलुगूत बंगारू म्हणजे सोनं. "तुझं काय चुकलं न्हाय. चुकलंय त्या हरामखोराचं. त्याला उत्तर देऊ नको, काय खोडू पण नको. सगळ्याचे स्क्रीनशॉट काढ. आपण पोलिसात जाऊ."

फोन त्यांनी तिच्याच हातात राहू दिला.

सायबर पोलिसांकडं मीही सोबत गेले. तिथं मास्तर तिच्या डाव्या बाजूला खुर्ची ओढून बसले. तिथल्या मॅडमना सगळं श्रावणीनंच सांगितलं. तक्रार झाली, ते खातं बंद पडलं, शाळेतल्या बाईंनाही कल्पना दिली. फोटो कुठंच गेले नाहीत. त्या माणसाचा शोध अजून चालू आहे.

दोन दिवसांनी संध्याकाळी पार्किंगमध्ये मास्तर गाडीची काच पुसताना दिसले. एकच जागा परत परत पुसत होते.

"वहिनी, पोरगी आधी तुमच्याकडं आली."

त्यांनी फडकं उलटं केलं.

"मी लई ओरडतो का ओ?"

"थोडं," मी म्हटलं.

"शिकायला येणाऱ्या पोरांना मी पहिल्याच दिवशी सांगतो, गाडी ठोकली तर भिऊ नका, आधी मला फोन करा, मी हाय की." फडकं काचेवरच थांबलं. "परक्याच्या पोरांना सांगतो ओ. घरच्या पोरीला सांगायचं ऱ्हायलंच."

मग त्यांनी घसा खाकरला. "बघा बरं, असं बोललं तर चालंल का? श्रावणी, काय करायलीस?"

गाडीखाली झोपलेलं कुत्रं उठून पळालं.

"अजून हळू," मी म्हटलं.

"श्रावणी, काय करायलीस?"

"पप्पा, ऐकू येतंय!" वरच्या गॅलरीतून श्रावणी वाकली होती. "कुणाची तर रिक्वेस्ट आलीय. कोण हाय कळंना. बघायला येताव का?"

मास्तरांनी फडकं बॉनेटवर टाकलं. लिफ्ट वर गेली होती. तिची वाट न बघता ते जिन्यानं पळत सुटले.