वेळेवर निवृत्त झालेल्या पेशी

बाळाला बघायला गेलेली माणसं नाक कुणाचं, रंग कुणाचा यावर बोलतात. आमचे शेजारी ठाकूर सर बाळाची मूठ उघडतात, बोटं फाकवतात आणि मधल्या फटी तपासतात.

माझ्या भाचीच्या बारशाला त्यांनी हेच केलं आणि भरल्या घरात खूश होऊन म्हणाले, "वा! सगळ्या वेळेवर मेल्या."

माझ्या आईनं बाळ ओढून घेतलं आणि तिथल्या तिथं मीठ-मोहऱ्या ओवाळायला घेतल्या. सर पेशींबद्दल बोलत होते. पोटात असताना बाळाचा हात वल्ह्यासारखा सपाट असतो, मधल्या पेशी आपणहून मरतात म्हणून बोटं सुटी होतात, हे ते आईला समजावत राहिले आणि आई दर वाक्याला आणखी जोरात ओवाळत राहिली. शेवटी त्यांच्या पत्नी कुसुमकाकू मध्ये पडल्या. "अहो, मेल्या काय म्हणता? निवृत्त झाल्या म्हणा."

सरांना शब्द पटला. तेव्हापासून आमच्या हमरापुरात पेशी मरत नाहीत, निवृत्त होतात.

सर रोह्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. स्वतः निवृत्त झाले आणि वर्ग उरला नाही, मग त्यांनी माझ्या गणपतीच्या कारखान्यात ठाण मांडलं. शाडूचा हात साच्यातून निघतो तेव्हा त्याची बोटं चिकटलेलीच असतात, मधली माती कोरणीनं काढावी लागते. हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा सर इतके हरखले की चहा गार झाला. दुसऱ्या दिवसापासून हात कोरायचं काम त्यांनी बळकावलं. खाली पडलेली माती मी पुन्हा घमेल्यात टाकली की म्हणायचे, "शेजारच्या पेशीपण निवृत्त झालेल्यांचं असंच करतात. काय वाया नाय जात."

कोरता कोरता शिकवणी चालायची. प्रत्येक पेशीत कॅस्पेज नावाचं एन्झाइम असतं, म्हणजे दोऱ्यानं बांधून ठेवलेली कात्री. वेळ आली की दुसरं एन्झाइम तो दोरा कापतं आणि कात्री पेशीला आतून कातरते. कॅन्सरच्या पेशी बेरड, वेळ उलटली तरी दोरा कापू देत नाहीत. मग बाहेरून औषध देऊन कात्री जागी करावी लागते. मी चार वेळा ऐकून चार वेळा विसरलो. सर कधी वैतागले नाहीत, पाचव्यांदा पहिल्यापासून सांगितलं.

यंदा कुसुमकाकूंच्या पोटात गाठ निघाली.

मुंबईला नेऊन औषधं सुरू झाली. डोक्यावरचे सगळे केस गेले. काकू मला म्हणाल्या, "केस बिचारे गुणी, लगेच ऐकलं त्यांनी. गाठ काय ऐकत नाय." तपासणीत गाठ तेवढीच निघाली. डॉक्टरांनी औषध बदललं, पहिला डोस दिला आणि घरी जाऊन वाट बघा म्हणाले.

त्या आठवड्यात सर रोज आले, पण शिकवणी बंद. मान खाली घालून हात कोरायचे आणि ओठ हलत राहायचे. देवाधर्माला कधी न लागलेला माणूस जप करतोय म्हणून आई मनातून सुखावली होती. मी माती द्यायच्या निमित्तानं जवळ गेलो तेव्हा ऐकू आलं.

"निवृत्त व्हा. झालं तुमचं काम. वेळ झाली, निवृत्त व्हा."

मी नको ते विचारलं. "सर, त्यांना ऐकू जातं?"

"नाय जात." त्यांनी कोरणी पुसली. "पण ढ पोराला परत परत सांगायचंच असतं. औषध त्याचं काम करील, मी माझं करतो." मग हातातल्या शाडूच्या बोटांकडे बघत म्हणाले, "मी चुकीचं बोललो तर अडवणारी तेवढी एकच हाय रे."

आई दारातच उभी होती. ती आत गेली, मुठीत मीठ-मोहऱ्या घेऊन आली आणि काकूंकडे निघाली. आता सर तिला शास्त्र ऐकवणार, म्हणून मी त्यांच्याकडे पाहिलं.

सर उठून उभे राहिले होते. "वहिनी," त्यांनी मागून हाक मारली, "जरा डाव्या बाजूनं ओवाळा. गाठ तिथं हाय."