चार चकत्या आणि सासूबाई

क्रांती स्वतःच्या घरापासून सुरू करावी, असं मी रविवारी सकाळी ठरवलं. त्यासाठी तयार असं घरात फक्त वॉशिंग मशीन सापडलं.

त्याच्या मागे झाडायला बायकोला ते धूड ओढावं लागतं, ही मला समस्त स्त्रीजातीची गुलामगिरी वाटत होती. (ओढायला आपण हात लावावा, हा उपाय मात्र सुचला नव्हता.) शिवाय लग्नानंतर प्रथमच सासूबाई राहायला आल्या होत्या. लेक कोणाच्या पदरात टाकली आहे, याचा निकाल त्या संध्याकाळी निघताना देणार, हे उघड होतं.

मी फ्लुओरोपॉलिमरच्या कारखान्यात आहे. हे पांढरं, मेणासारखं गुळगुळीत प्लास्टिक म्हणजे संतमाणूस! अ‍ॅसिडच्या टाक्यांना आतून त्याचं अस्तर लावतात. भलंभलं अ‍ॅसिड हात टेकतं. जड पाइपांखाली त्याच्या चकत्या ठेवतात, म्हणजे पाइप तापून लांबला तरी अलगद सरकतो. अशाच चार टाकाऊ चकत्या मी मशीनच्या पायांखाली सारल्या.

"एका बोटाने ढकल."

बायकोने ढकललं. मशीन सरकलं!

"अगंबाई!" ती म्हणाली.

मी ऐटीत सासूबाईंकडे वळलो. त्या बाथरूममध्ये गेल्या होत्या. (माझे विजय नेहमी असेच बिनसाक्षीचे.)

मग बायकोने कपडे लावले. पाइप गप पडून असतात आणि मशीन कपडे पिळताना थयथयाट करतं, हा फरक माझ्या उच्चशिक्षणातून निसटला होता. मशीन थरथरलं, निघालं आणि थेट बाथरूमच्या दाराला टेकून नाचू लागलं.

"कोण दार बडवतंय?" आतून आवाज आला. "एवढी कसली घाई?"

"आई, मशीन आहे!"

"मग थांब म्हणावं त्याला!"

"अरे, आधी बटण बंद कर!" बायको माझ्यावर ओरडली. पण मी आवेशात खांदा लावला आणि होता नव्हता तेवढा जोर काढला. काम एका बोटाचं! मशीन वायर उपटून सुसाट सुटलं आणि त्याला मिठी मारून मी. सासूबाईंनी दार उघडलं, तेव्हा आम्ही दोघं स्वयंपाकघरात शिरत होतो.

वाटेत निसटलेली एक चकती त्यांनी उचलली, तिच्यावरून बोट फिरवलं.

"छान आहे हो. आणखी चार मिळतील का, जावईबापू?"

माझा ऊर भरून आला. "तुमच्या कपाटाखाली ठेवायला?"

"छे! ह्या सोफ्याखाली. हिला केर काढायचा असला, की तुम्हाला उठवायला नको."