अखंड कढई कशी रिती जाहली

श्रीकुलस्वामिनी साह्य. बाळांनो, डोळे मिटा आणि मनात एक राज्य मांडा. त्याचे नाव तुम्हीच ठेवा. शके सोळाशे एक्याऐंशी, प्रमाथी नाम संवत्सर, आश्विन मास. गादीवर नऊ वर्षांचे सर्जेराजे होते आणि कारभार त्यांच्या आत्या जानकीबाईसाहेब पाहत होत्या. त्या राज्याच्या मुदपाकखान्यात एक कढई होती, तिचे तेल मूळपुरुषापासून कधी ओतून टाकिले नाही. कमी होई तितके वर घालावे आणि प्रत्येक राजाने राज्याभिषेकाचे दिवशी आपल्या हाते एक पळी घालावी, ऐसा शिरस्ता. कढई रिती जाहली तर वंश रिता होईल ऐसी समजूत. तेल काळे जाहले, फेसाळू लागले, धूर डोळ्यांस झोंबे. परंतु दरबारास तीच चव लागली आणि वडे, कडबोळी, चिरोटे नित्य त्यातच तळून येत. सर्जेराजांस तर त्या कडबोळ्यांवाचून घास उतरेना, कारण तेलात वारल्या वडिलांची, आबासाहेबांची, पळी होती.

त्या आश्विनात आत्याबाईंच्या पोटात गाठ निघाली आणि मोरभट वैद्यांस बोलाविले. वैद्यांनी नाडी पाहिली, मग राजे, आत्याबाई आणि दरबारी यांसह मुदपाकखाना पाहिला आणि तेथेच कढई रिती करावी ऐसे सांगितले. तेव्हा मुदपाकखान्याचे दरोगे हैबतराव चिडोन बोलिले, "वैद्यबुवा, या तेलावर चार राजे पोसले. तुमच्या काढ्यांवर किती पोसले?" दरबारी हसले. वैद्यही हसले आणि मग राजांकडे वळोन समजावू लागले की, गतवर्षी हत्तींच्या पीलखान्यास आग लागली तेव्हा नगारा वाजला, शिपाई धावले, आग पसरू नये म्हणोन भोवतीच्या झोपड्या पाडिल्या, आणि आग विझताच नगारा थांबला, शिपाई परतले आणि सुतारांनी घरे पुन्हा उभारिली. देहातही ऐसेच, इजा होते तेव्हा दाह उठतो तो रक्षणासाठी, आणि काम होताच शमतो. परंतु पुनःपुन्हा तापविलेले तेल नित्य पोटात गेले आणि अंगावर चरबी साठली तर आतला नगारा हळूहळू वाजतच राहतो. मग शिपाई रोज घरे पाडतात, सुतार रोज घाईने बांधतात, आणि घाईत एखादे घर वाकडे उभे राहते आणि शेजाऱ्यांच्या भिंती फोडून वाढू लागते, तीच गाठ. तेलतुपावाचून देह चालत नाही हे खरे; परंतु जवस, अक्रोड, मासळी यांतील स्नेह, म्हणजे तेलाचा अंश, नगारा थांबविण्यास हातभार लावितो ऐसे दिसते.

आत्याबाईंनी विचारिले, "माझी गाठ या कढईनेच जाहली काय?"

"सांगता येत नाही, बाईसाहेब. ठाम सांगेल त्याच्यापासून जपावे. साधे खाणारासही गाठ होते. आणि तेल बदलिल्याने ही गाठ जाईल ऐसेही नव्हे. तिचा इलाज निराळा करू. धोका वाढतो, इतुकेच. तो या लेकराच्या पानात रोज वाढू नये."

मग सर्व आत्याबाईंकडे पाहू लागले. परंतु त्या म्हणाल्या की हा हुकूम गादीचा, आपण सांगणार नाही. सर्जेराजांनी पुष्कळ वेळ कढईत पाहिले आणि हळूच वैद्यांस पुसले, "आबासाहेबांची पळी वेगळी काढता येईल?"

मोरभट खाली बसले, राजांच्या डोळ्यांस डोळे भिडविले आणि म्हणाले, "नाही, राजे."

येणेप्रमाणे हकीकत घडली. दाह रक्षणास येतो, परंतु त्यास कायमचा मुक्काम देऊ नये, इतुके ध्यानी असावे. मग सर्जेराजांनी चुलाण विझविण्याचा हुकूम दिला, आणि तेल निवल्यावर स्वहस्ते एक पळी काढून वडिलांच्या तसबिरीपुढील समईत घातली, आणि उरले तेल मशालजींस देवविले, आणि आत्याबाईंच्या पानाशी बसोन जवसाच्या चटणीशी भाकरी मोडिली, तोंड वाकडे केले, आणि दुसरा घास घेतला.