चारोळीची शाळा

एका जंगलात, पोरांनो, झाडांपेक्षा शाळा जास्त झाल्या होत्या. ढोलीत शाळा, वारुळामागं शाळा, वडाच्या फांदीफांदीवर शाळा. घुबडालासुद्धा दिवसा झोपायला जागा उरली नव्हती.

त्या जंगलात तुरतुरी नावाची एक खार राहायची. तिचा नवरा झुपक्या. दोघांना एकुलतं एक पिल्लू, टिचकू. अंगावरचे पट्टे अजून नीट उठले नव्हते एवढा लहान.

आता खारीच्या पोराला जगात शिकायचं असतं एकच. चारोळी फोडायची. आईचं दूध आटायच्या आत ती फोडता आली तर पोर जगलं, नाही आली तर उपाशी मेलं. आणि तुरतुरीचं दूध आटत चाललं होतं. पुढचं वेत पोटात होतं ना!

टिचकू बिचारा शिकायला तयार होता. चारोळी दिसली की झडप घालायचा. पण तुरतुरी ओरडायची, "अरे ठेव ती! दात दुखतील. पसारा होईल. आण, मी देते फोडून."

अशी फोडून फोडून भरवायची, आणि संध्याकाळी नवऱ्याला म्हणायची, "अहो, आपला टिचकू स्वतःच्या हातानं काही करतच नाही. त्याला माँटेसरीत घालायला हवं. तिथं म्हणे मुलांना हातानं कामं शिकवतात."

"कोण म्हणालं?"

"सशीण म्हणाली. तिच्या पोरांच्या शाळेतल्या मॅडम तर वर्गात बोलतच नाहीत."

"बोलतच नाहीत? मग शिकवतात कशा?"

"तीच तर पद्धत आहे! तुम्हाला नाही कळायचं."

झुपक्याला खरंच कळलं नाही, म्हणून तो गप्प बसला. जंगलातल्या पुष्कळ शाळा अशाच चालतात बरं का, बापाला कळलं नाही म्हणून.

पहिली शाळा जवळच होती, करवंदीच्या जाळीत. तितरीणबाईंची. ना पाटी, ना फाटक. दहा-बारा जातींची पोरं मातीत लोळत होती. एक उंदीर पाणी ओतत होता आणि निम्मं स्वतःच्या अंगावर घेत होता. तुरतुरीनं नाकाला शेपूट लावली.

तेवढ्यात टिचकू तिच्या पाठीवरून घसरला, तुरुतुरु आत गेला, आणि समोर दिसली त्या चारोळीला दात लावून बसला. चारोळी सटकली. पुन्हा धरली. पुन्हा सटकली. हिरडीला खरचटलं, रक्त आलं. बाईंनी पाहिलं. काही बोलल्या नाहीत. दुसरी चारोळी त्याच्यापुढं ढकलली.

"अहो बाई!" तुरतुरी किंचाळली. "लक्ष कुठंय तुमचं? पोराला रक्त आलं!"

"आलं की. म्हणजे चारोळीच्या सांध्यावर दात लागला. चार दिवसांत फोडेल तो."

"तुमचं शिक्षण काय झालंय?"

"अकरा पिल्लं चालती-उडती केली. तेवढंच."

"प्रमाणपत्र?"

"ती उडाली ना, बाई!"

तुरतुरीनं टिचकूला मानगुटीला धरून उचललं. पोरानं गवताच्या काड्या घट्ट धरून ठेवल्या होत्या, त्या मुळासकट आल्या. "बघितलंत?" ती नवऱ्याला म्हणाली. "एका तासात केवढं हट्टी केलं पोराला!"

दुसरी शाळा तळ्याकाठी. बगळी मॅडमची. काय सांगू तिची शोभा! पांढराशुभ्र खडक, वर पांढऱ्याशुभ्र मॅडम, एका पायावर. ओळीनं कमळाच्या पानांच्या चटया. प्रत्येक चटईपुढं तबक, तबकात एक वस्तू. आवाज म्हणून नाही.

"किती शांत मुलं हो तुमची!" तुरतुरी हरखली. "आणि वर्गात गर्दीसुद्धा नाही."

"आधी होती," मॅडम म्हणाल्या. "बेडकांची मुलं पुष्कळ होती. ती टिकली नाहीत."

"बरंच झालं! म्हणजे प्रत्येकाकडं तुमचं नीट लक्ष असेल."

"लक्ष तर माझं सगळ्यांकडंच असतं," म्हणून मॅडमनी चोच पुसली.

मग आईबापांची मुलाखत झाली. हो, तिथं आधी आईबापांची परीक्षा असते.

"मुलाला स्वातंत्र्य देता का?"

"देतो की! रोज सकाळी, आंघोळ झाल्यावर."

"घरी तो स्वतः काय काय करतो?"

"काहीच नाही, मॅडम. सगळं आम्हीच करतो."

"उत्तम. म्हणजे आम्हाला वाव आहे."

तिकडं टिचकू आईच्या शेपटीत तोंड खुपसून हमसाहमशी रडत होता. झुपक्या हळूच म्हणाला, "अगं, पोर घाबरलंय."

"घाबरणारच! शाळा म्हटल्यावर थोडा दरारा हवाच." आणि टिचकूचं नाव तिथं घातलं.

त्याला तबकात चारोळीच मिळाली. पण ती बारा वर्षं मुलांच्या हातात फिरून गुळगुळीत झालेली. चटई पसरायची, चारोळी उचलायची, तीनदा फिरवायची, आणि होती तिथं परत ठेवायची. फोडायची नाही.

"का हो मॅडम?" झुपक्यानं एकदा धीर करून विचारलं.

"फोडली तर उद्याच्या मुलाला काय देऊ?"



महिना गेला. दूध आटलं. टिचकूपुढं घरी चारोळ्यांचा ढीग ओतला. पोरानं आधी पान पसरलं. एक चारोळी उचलली, तीनदा फिरवली, जागेवर ठेवली. पान गुंडाळलं. आणि भुकेनं रडायला लागला.

पोराचं पोट पाठीला लागलं, तेव्हा तुरतुरी धावत तळ्यावर गेली. "मॅडम, पोर फोडतच नाही हो!"

"तयार झाला की आपण होऊन फोडेल. तुम्ही मध्ये पडू नका."

"पण माझं दूध आटलंय!"

"तो तुमचा घरचा प्रश्न झाला."

घरी आल्यावर झुपक्या म्हणाला, "मी काय म्हणतो, तितरीणबाईंकडं..."

"अर्ध्या सत्रात? काढून? चिखलात? आणि सशिणीला काय सांगू?"

तुरतुरीनं चारोळी दातात धरली, फोडली, चावून मऊ केली आणि टिचकूच्या तोंडात घातली. पोराचं रडं थांबलं. तिला वाटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे.

सत्राअखेरीस शाळेत मोठा सोहळा झाला. टिचकूनं सगळ्या जंगलापुढं चटई पसरली, चारोळी तीनदा फिरवली, जराही आवाज न करता जागेवर ठेवली. टाळ्यांचा कडकडाट. मॅडम म्हणाल्या, "इतकी एकाग्रता मी फक्त स्वतःत पाहिली आहे." तुरतुरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढं तिला तीन पिल्लं झाली. त्यांची तोंडं उघडायच्या आधी एक मोठं तोंड उघडायचं. टिचकूचं. शेपूट आईपेक्षा झुबकेदार झाली, पण चारोळी आईनंच फोडायची. एक दिवस फोडता फोडता तुरतुरीचा पुढचा दात तुटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे ती तळ्याकाठी रांगेत उभी होती. पाठीवर तीन पिल्लं, मागं हात धरून टिचकू, "आई, भूक."

"थांब रे," ती तुटक्या दातानं म्हणाली, आणि पुढं होऊन मॅडमना विचारलं, "भावंडांना आधी घेतात ना हो तुमच्याकडं?"

तात्पर्य : शाळा निवडताना पोर कुठं रमतं ते मुळीच पाहू नये. पोर काय, कुठंही रमतं, अगदी चिखलातसुद्धा. आपण कुठं रमतो ते पाहावं. शाळेत बसायचं पोरानं असलं, तरी चारचौघांत तिचं नाव सांगायचं आपल्याला असतं. आणि उपाशी पोर जन्मभर आईला सोडून जात नाही, हा फायदा वेगळाच.