खरा का शाळेचा?

कुणी म्हणालं, "आज माझा वाढदिवस," की शिवप्पाअण्णा आधी हात पुढं करत नाहीत. विचारतात, "खरा का शाळेचा?"

हे विचारायचा हक्क त्यांचाच. आमच्या गावच्या शाळेत ते कारकून होते. पोराला दाखल करायला आलेल्या बापाला जन्मतारीख कुठली माहीत असायला? अण्णा पेनाचं टोपण काढून 'एक जून' लिहायचे. अख्खा वर्ग एकाच दिवशी जन्मलेला! आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी, पण कागदोपत्री मीही एक जूनचाच.

निवृत्त झाल्यावर अण्णा खऱ्या तारखा शोधत सायकलवरून गावोगाव फिरायला लागले. माझ्या आईसमोर दोन तास बसले. "आठव की! ज्वारी हुरड्यात व्हती का? संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाल्ती का?"

आई म्हणाली, "जत्रेत भरलेल्या बांगड्या चार दिसांनी ह्याच्या येळंला वाढल्या. सोमवार व्हता."

अण्णांनी जुनं पंचांग उघडलं आणि पंचविसाव्या वर्षी मला वाढदिवस मिळाला. हे उपकार मी विसरणार नाही.

माजी विद्यार्थ्यांची वेबसाइट मी केली, ती त्यांच्याच खऱ्या तारखांच्या वहीवरून. तारीख टाकली की त्या दिवशी जन्मलेल्यांची नावं येणार. अण्णा रोज सकाळी नावं बघून फोन लावायचे. आठ मेला वळसंगच्या सुरेखाताईला फोन गेला.

"अण्णा, माझा पाच ऑगस्ट! तुमीच नागपंचमीवरनं काढला की!"

अण्णा तडक सोलापुरात माझ्या टेबलापाशी हजर. "तम्मा," कानडीत धाकट्या भावाला म्हणतात तसं ते मला म्हणत, "तुझं मशीन उलटं वाचतंय."

खरंच होतं. अण्णांनी आधी दिवस लिहिलेला, वेबसाइट चालवणारी माझी स्क्रिप्ट आधी महिना वाचत होती. रविवारी माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात सगळ्यांसमोर हे चालवून दाखवायचं होतं, आणि 'हे आमचा पोरगा केलाय' असं अण्णा गावभर सांगून बसलेले.

दिवस-महिना लगेच सरळ केला. तरी शोध मधेच बंद पडायचा. दुपारी सापडलं, एका नावापुढं तारीखच नव्हती. स्क्रिप्ट तिथं येऊन अडकत होती.

"अण्णा, इथं एक जून टाकू का? काम भागंल."

अण्णा ताडकन उठले. "न्हाय! लई येळा खोटं लिवलोय. आता न्हाय."

मग मी नाव वाचलं. त्यांचंच होतं; तेही याच शाळेत शिकलेले.

"आई मी पाळण्यात असताना गेली. मागनं बा पण," ते चष्मा पुसत म्हणाले. "सगळ्यांच्या आयांना इचारलो, तम्मा. माझ्यासाठी इचारायला कोन न्हाय."

मी तो रकाना रिकामाच ठेवला. स्क्रिप्टला सांगितलं, तारीख नसली तरी थांबायचं नाही, ते नाव बरोबर घेऊन पुढं जायचं.

रविवारी सुरेखाताईनं सगळ्यांसमोर त्या दिवसाची तारीख टाकली. दोन नावं आली आणि त्याखाली अण्णांचं.

अण्णा माझ्या कानाशी आले. "तम्मा, बिघाड हाय की अजून!"

"न्हाय अण्णा. कुठलीबी तारीख टाका, तुमचं नाव येणारच."

सुरेखाताईनं हात पुढं केला. "मग आज तुमचा पण की, अण्णा! शुभेच्छा!"

अण्णांनी तो हात दोन्ही हातांत धरला. खरा का शाळेचा, ते मात्र विचारलं नाही.