एकाच देवाचे योसेफ मास्तर

साताऱ्याच्या ख्रिस्ती मंडळीत पाळक म्हणून मी पहिली उपासना चालवली, त्या दिवशी शेवटच्या स्तुतिगीताला सगळे उठून उभे राहिले. पुढून तिसऱ्या बाकावर एक उंच, काटकुळे, पांढरा फेटा बांधलेले गृहस्थ होते. गीतात पित्याचं नाव आलं तेव्हा ते सगळ्यांपेक्षा मोठ्यानं गात होते. गीत पुत्रापाशी आलं आणि ते गुडघ्यात वाकू लागले. पवित्र आत्म्याचं नाव निघेपर्यंत ते खाली बसलेसुद्धा होते. बाक जुना होता. तो असा करकरला, की पेटीवाल्याचा सूर चुकला.

मला वाटलं, वय झालंय, गुडघे दुखत असतील. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि सगळ्यांची दुखणी बरी करायला निघालो होतो. सोमवारी मी त्यांच्या घरी निरगुडीच्या तेलाची बाटली पाठवली. संध्याकाळी बाटली परत आली. सोबत वळणदार अक्षरात चिठ्ठी होती: ‘गुडघे ठणठणीत आहेत. अडचण सिद्धांताची आहे. आभारी. यो. बि. मासाळ, निवृत्त शिक्षक.’

योसेफ मास्तरांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

लढाईची वर्षं होती. साताऱ्यात घराआड एक माणूस पलटणीत. मास्तरांनी मिशनच्या शाळेत तीस-एक वर्षं गणित शिकवलं होतं, त्यामुळे गावातले निम्मे शिपाई त्यांचे विद्यार्थी. त्यांची पत्रं आली की त्यांच्या आया मास्तरांकडेच वाचायला आणत. मास्तर ती इतक्या सावकाश वाचत, की चार ओळींचं पत्र बाईला अर्धा तास पुरे. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही. एका खोलीत ते, एक खाट आणि भिंतीला टेकलेली पुस्तकं.

दर गुरुवारी ते माझ्याकडे येत. “सलाम, पाळकसाहेब,” म्हणून खुर्चीवर बसत आणि लगेच बोट वर करत. “मोजून सांगा. पिता देव. बरोबर? पुत्र देव. पवित्र आत्मा देव. किती झाले?”

“एक,” मी म्हणे.

“चौथीतल्या पोरानं असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभा केला असता.”

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. प्रभूचे पहिले शिष्य यहूदी होते. देव एकच, हे रोज म्हणत ते वाढले. प्रभू मेलेल्यांतून उठल्यावरही ते त्याच मंदिरात, त्याच देवाची प्रार्थना करायला जात राहिले. त्यांच्यापुढे कुणी ‘त्रैक्य’, तिघांत एकच देव, असा शब्द काढला असता, तर त्यांनी ‘म्हणजे काय हो?’ असंच विचारलं असतं. तो शब्द शास्त्रात कुठंच नाही. पुढं ग्रीक पंडित आले, वाद माजले आणि तीनशे वर्षांनी एका रोमी बादशहानं बिशपांची सभा भरवून काय तो निकाल लावा म्हणून सांगितलं.

“आणि लागला का निकाल?” मास्तर विचारत. “पुढं पन्नास वर्षं नुसती धुमसत होती माणसं!”

त्या सभेत हरलेला मिसर देशातला एक म्हातारा पाळक होता. पुत्र फार थोर, पण पित्यानं निर्माण केलेला, असं तो म्हणे. मास्तरांना त्याचं सगळं पटत नसे. पण त्याच्याबद्दल ते असं बोलत, जणू तो पलीकडच्या पेठेत राहायला होता. “हद्दपार केलं हो बिचाऱ्याला. उतारवयात. त्या वयात माणसानं जायचं कुठं?”

मीही सोडत नसे. त्याच पहिल्या शिष्यांनी पुत्राला प्रभू म्हटलं, त्याच्या नावानं प्रार्थना केली, तिघांच्या नावानं बाप्तिस्मा दिला. शब्द मागून आला असेल, पण अनुभव आधीचाच आहे, असं मी सांगे. मास्तर डोळे मिटून ऐकत. “मुद्दा चांगला आहे,” म्हणत आणि पुढच्या गुरुवारी त्यावर चार पानं लिहून आणत.

एका रविवारी मी उपदेशात पाण्याचा दृष्टांत दिला. तेच पाणी, गोठलं की बर्फ, तापलं की वाफ; तसा देव. मंडळी माना डोलवत होती. मास्तर मात्र सगळे जाईपर्यंत थांबले. दाराशी कुणी उरलं नाही हे पाहून जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, “पाळकसाहेब, एकच देव कधी पिता होतो, कधी पुत्र होतो, असं म्हणणाऱ्या माणसाला सतराशे वर्षांपूर्वी रोमेतल्या मंडळीनं बाहेर काढलं होतं. तुम्ही माझ्यापेक्षा मोठे पाखंडी निघालात. मी कुणाला सांगणार नाही.”

घरी जाऊन मी पुस्तक उघडून पाहिलं. म्हातारा बरोबर होता. आणि खरोखरच त्यानं कुणाला सांगितलं नाही.

वादात त्यांना हरलेलं मी एकदाच पाहिलं. मंडईत तानूबाई म्हणून भाजीवाली होती. तिच्यापुढे वांगी निवडता निवडता मास्तर मला तीन आणि एक समजावत होते. तानूबाईनं थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाली, “आवं मास्तर, आमच्या दत्ताला बी तीन तोंडं हायती. पर निवद आमी योकच दावतो. तीन ताटं कोन मांडतंय?” हातातलं वांगं मास्तरांनी परत ठेवलं, पुन्हा उचललं.

त्याच वर्षी मला विषमज्वर झाला. तीन आठवडे मी अंथरुणाला खिळून होतो. मास्तर रोज सकाळी येत, माझ्या कपाळावरची पट्टी बदलत आणि माझ्या बायकोला, शांतेला, “तू जरा पड, मुली,” म्हणून आत पाठवत. उपासना कुणी चालवायची हा प्रश्न होता. मी आधी लिहून ठेवलेली टिपणं त्यांनी तीनही रविवारी वाचली. पहिलंच टिपण त्रैक्यावर होतं. त्यांनी त्यातली एक ओळ गाळली नाही की आवाज बारीक केला नाही, असं शांतेनं सांगितलं. मी बरा झाल्यावर विचारलं तर म्हणाले, “टिपण तुमचं होतं.” आज मागं पाहताना वाटतं, मला पाळक करण्यात या माणसाचा वाटा माझ्या गुरुजनांपेक्षा कमी नाही.

पण मंडळीतल्या एका पंचाला हे सगळं खपेना. त्यानं मंडळ्यांवर देखरेख करणाऱ्या सांगलीच्या समितीला पत्र लिहिलं, की इथं एक जण उघड उघड त्रैक्य नाकारतो आणि पाळक त्याला प्रभुभोजनाची भाकर देतो. समितीनं दोघांना बोलावलं. मास्तरांनी संपूर्ण विश्वासांगीकारावर, म्हणजे मंडळीच्या श्रद्धेच्या कबुलीवर, सही करावी, नाहीतर मंडळीच्या यादीतून नाव कमी व्हावं, असा तो मामला होता. नाव कमी म्हणजे प्रभुभोजन बंद, आणि मेल्यावर कबरस्तानात बायकोशेजारची जागाही बंद.

पेट्रोल लढाईला जात होतं, म्हणून आम्ही कोळशावर चालणाऱ्या मोटारीतून निघालो. चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायचं. मास्तर फेटा सावरत ढकलत होते आणि मला रोमी बादशहाची गोष्ट सांगत होते.

समितीपुढे ते तासभर बोलले. एकदाही आवाज चढला नाही. समितीचे प्रमुख एक वयस्क मिशनरी साहेब होते. भला माणूस, मराठीही चांगली बोले. शेवटी त्यांनी चष्मा काढला. “मास्तर, तुमचा अभ्यास आमच्यापेक्षा जास्त आहे. पण एक सांगा. ही गोष्ट तुम्हाला एवढी का लागते?”

“माझं बोलणं संपलं, साहेब,” म्हणून मास्तर खाली बसले.

साहेबांनी मला बाजूला घेतलं. “तुमच्या मंडळीतला माणूस आहे. महिन्याभरात तुम्हीच ठरवून कळवा.”

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, “एवढं आलोच आहोत, तर जतकडं जाऊन येऊ. आई आहे तिकडं.”

मास्तरांना आई आहे, हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

जतच्या पुढं मोटार संपली, मग चालत निघालो. दोन्हीकडं खडकाळ माळ, मेंढरांची खांडं. मास्तर पहिल्यांदाच आपण होऊन स्वतःबद्दल बोलले. घर धनगराचं. मोठा दुष्काळ पडला तेव्हा बापानं त्यांना सांगलीच्या मिशनात सोडलं, निदान एक तरी जगेल म्हणून. तिथं ते शिकले आणि अठराव्या वर्षी मनापासून बाप्तिस्मा घेतला. बिरूचे योसेफ झाले. “सांगायला घरी आलो,” ते म्हणाले, “तर भाऊ दारात आडवा उभा. पोटासाठी देव इकलास म्हणाला. आई मागून आली. तिनं एवढंच विचारलं...” आणि ते थांबले. समोर घर आलं होतं.

दगडमातीचं बसकं घर. दारात एक फार म्हातारी बाई घोंगडीवर बसली होती. डोळे गेलेले. मास्तरांनी वहाणा काढल्या, फेटा काढला आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

“अव्वा,” ते म्हणाले. “मी बिरू.”

म्हातारी हलली नाही. “बिऱ्या, द्येव किती?”

“एकच, अव्वा.”

“त्योच का? आमचाच?”

“तोच.”

“मग लांब गेला न्हाईस. ये आत. भाकर खा.”

मास्तर उंबऱ्यावरून आत गेले. चाळीस वर्षं, वर्षातून एकदा, हे असंच चाललं होतं. ते सगळे यहूदी शिष्य, ते बिशप, ती चार चार पानं या एका प्रश्नाच्या मागं उभी होती.

मी बाहेरच थांबलो होतो. म्हातारीनं मान वळवली. “आनि ह्यो कोन?”

“आमचे पाळक आहेत, अव्वा.”

“पाळक? मग त्येनं बी सांगावं. द्येव किती?”

मास्तर आतून माझ्याकडं बघत होते. वर्गात नेहमी प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर मी तशी भीती कधी पाहिली नव्हती. मला काही गिळावं लागलं नाही की काही लपवावं लागलं नाही. आमचा विश्वासांगीकार ‘एका देवावर’ इथूनच सुरू होतो. मी ते शब्द आजवर घाईघाईनं म्हणून पुढं जात आलो होतो.

“एकच, आई,” मी म्हणालो.

“मग तू बी ये.”

समितीला काय कळवायचं ते तिथंच ठरलं. ‘मास्तरांचा एका देवावर विश्वास आहे, आणि मंडळीचाही,’ असं मी लिहिलं. उरलेलं आम्ही दोघं गुरुवारी बघून घेऊ, असंही लिहिलं. साहेबांचं उत्तर एका ओळीचं आलं: नाव राहू द्यावं.

पण ते नंतर. त्या दुपारी भावाच्या सुनेनं बाजरीची भाकर आणि हुलग्याचं माडगं वाढलं. भाऊ रानात होता. जेवून मास्तर हात धुवायला अंगणात गेले, तेव्हा म्हातारीनं चाचपडत माझं मनगट धरलं.

“आवं पाळक,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “तिकडं त्येला वाढतं कोन?”

दोन वर्षं मी या माणसाशी पुत्र आणि पित्याबद्दल भांडलो होतो. माझ्या तापात त्यानं माझ्या उशाशी तीन आठवडे काढले होते. तो काय जेवतो, कुणाबरोबर जेवतो, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

“आम्ही वाढतो, आई,” मी म्हणालो.

तेव्हा ते खोटं होतं. साताऱ्याला परतल्यावर मी शांतेला हे सांगितलं. ती उठली आणि तिनं तिसरं पान मांडलं.